उतारावरचं लाटणं

उतारावरून वस्तू कशा घरंगळतात ते दाखवायला बाईंनी पोरांना घरून काहीतरी गोल आणायला सांगितलं होतं. माझ्या मुलीने लाटणं नेलं. तिला शाळेत सोडायला गेले, तर वर्गाच्या दाराशीच थांबले. तिरक्या फळीवरून कोणाचा चेंडू गेला, कोणाची बांगडी गेली. मग लाटणं सुटलं ते सगळ्यांच्या पुढे, थेट भिंतीपर्यंत. पोर हरखून उड्या मारायला लागली. "बाई, हेच का पुढे गेलं?"

बाई हसून म्हणाल्या, "अगंबाई! आत्तापासूनच पोळ्यांची तयारी का गं?"

सगळा वर्ग हसला. चेंडूवाल्याला कोणी काही म्हटलं नव्हतं.

इतकी वर्षं ते लाटणं माझ्या हाताखाली आहे. पोळपाटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एवढंच मी त्याला जाऊ दिलं. ते असं धावेल हे कधी मनातही आलं नाही. का धावलं, ते मलाही ऐकायचं होतं. पण मी दाराबाहेरची, कशी विचारणार?

घरी आल्यावर पोरीने लाटणं ओट्यावर ठेवलं. म्हणाली, "आई, पुढच्या वेळी दादाचं काहीतरी दे."

मी हो म्हटलं. लाटणं का पुढे गेलं, हे तिने पुन्हा विचारलं नाही.