उभ्यानं लेकरू दिसत नाई

बाई मुलांशी उभ्यानं कधीच बोलल्या नाहीत. आधी पदर खोचायच्या, फरशीवर मांडी घालायच्या, मग तोंड उघडायच्या. एकदा साहेब तपासणीला आले तरी त्या खालीच. साहेबांनी खुर्ची दाखवली, तर म्हणाल्या, "तुम्हीच या ना खाली साहेब. उभ्यानं लेकरू दिसत नाई." साहेब खरंच बसले. त्यांना उठवायला मात्र दोघं लागले.

चांद्याच्या सरकारी ट्रेनिंग कॉलेजात त्या बालमानसशास्त्र शिकवायच्या. कॉलेजला लागून बालमंदिर होतं. शिकणाऱ्या मुलींनी तिथं तासभर एकाच मुलाकडे पाहायचं आणि निरीक्षणाची वही लिहायची. मी तिथली आया. चौथीतच शाळा सुटलेली. घर अहेरीकडे, प्राणहितेच्या काठी, दोन दिवसांच्या वाटेवर. बाबा नदीत जाळं टाकायचे. मला धास्ती एकच, कुणीतरी विचारेल, ही चौथीवाली इथी काऊन? आणि मला परत धाडतील.

बाईंनी एक दिवस मलाही वही दिली. "वर्गात मागं बसत जा. कोणी काही म्हटलं तर मी आहो ना."

पहिल्याच दिवशी एक पोरगी तीनदा बोलावूनही उंबऱ्याच्या आत येईना. मी लिहिलं, 'पोरगी हट्टी आहे.'

"हट्ट कुठी दिसला तुले? काळा होता का गोरा?" बाईंनी विचारलं. मुली हसल्या. "दिसलं तेवढंच लिही. अर्थ मागून लावू. अन् आधी खाली बस."

मी उंबऱ्याशी बसले. पोरगी उजवी टाच टेकवत नव्हती. टाचेत बोरीचा काटा होता. काढला तेव्हा ती रडली नाही, मीच रडले.

"हेबी लिही," बाई म्हणाल्या.

तुम्हीही माणसं निरखत असाल, तर ठाऊक असेल, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. मुलांची पानं झाली की मी वहीच्या मागल्या बाजूनं बाईंचं लिहू लागले. 'बसताना भिंतीला हात लावला.' 'आज डबा उघडला नाही.' 'उठताना दोनदा थांबल्या.'

विचारलं का नाही, म्हणाल. अर्थ मला केव्हाच लागला होता. पण बाई सुट्टीवर गेल्या तर माझ्यासाठी बोलणारं कोण होतं? मी नुसती लिहीत राहिले.

दर शनिवारी बाई वह्या तपासायच्या. त्या शनिवारी माझी वही त्यांच्या हातून निसटली आणि उलटी पडली. त्यांनी मागली पानं सावकाश वाचली.

"कवापासून पाहून राह्यली?"

"दिवाळीपासून, बाई."

"अन् बोलली काऊन नाई?"

"तुम्ही गेल्या तर मले घरी धाडतील."

मला वाटलं, आता वही अंगावर येते. बाईंनी भिंतीला हात लावला आणि माझ्याशेजारी खाली बसल्या. बराच वेळ लागला त्यांना.

"बरं लिहिलंस. एक शब्द जास्तीचा नाई," त्या म्हणाल्या. मग हळूच, "मीबी पाहूनच राह्यली होती वं. मीबी नाई बोलली कोणाले."

सोमवारी त्या नागपूरच्या दवाखान्यात जायला निघाल्या. जाण्याआधी प्रिन्सिपल साहेबांना चिठ्ठी दिली, हिला वर्गात बसू द्यावं, सातवीच्या परीक्षेला मी बसवणार आहे. साहेबांनी बसू दिलं. मी सातवी झाले, पुढं त्याच बालमंदिरात शिकवलंही. आज खाते तो घास त्या चिठ्ठीचा आहे.

बाई मात्र होळीपर्यंतही राहिल्या नाहीत.

ती वही माझ्याजवळ आहे. मागल्या बाजूला शेवटचं पान त्या सोमवारचं. 'टांगा आला. बाई बसल्या. माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते.'

पुढं काही लिहिलेलं नाही.