बिनआवाजाचा फिल्टर

अक्का माझ्याकडे राहायला आली, तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "मोटार कुटं चालू हाय गं?"

मला काही कळेना. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, एप्रिलमधली दुपार, खाली रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या शेल्फकडे वळली आणि माझ्या लक्षात आलं. तिथं माझी वीस लिटरची काचेची पेटी होती. पेटीत एक निळा-तांबडा फायटर मासा, आणि आतून काचेला चिकटवलेला बोटभर लांबीचा फिल्टर. तो घूंऽऽ करत होता. वर्षभर तो आवाज माझ्या कानांवर पडत होता, आणि म्हणूनच मला तो ऐकूच येत नव्हता.

"ती मोटार नाही अक्का, फिल्टर आहे. माशाचं पाणी साफ करतो."

"बरं," ती म्हणाली आणि त्या पेटीकडे तोंड करून बसली. चहा पितानाही तिची मान तिकडेच होती.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात गेली. ऊस, केळी, चार म्हशी. दाजी, म्हणजे तिचे यजमान, आदल्या फाल्गुनात नदीकाठच्या पंपावर गेले आणि तिथंच करंट लागून संपले. वर्षश्राद्ध झालं तरी अक्का सावरली नव्हती. तिच्या मुलाचा फोन आला, "मावशी, आईला थोडे दिवस तिकडं ने. दुपार झाली की घरात थांबत न्हाय. अंगणात कान लावून हुबी ऱ्हाती." मी जिल्हा कोर्टात स्टेनो आहे, एकटी राहते. कोर्टाला उन्हाळी सुटी लागायची होती, तोवर मी रजा टाकली. मी म्हटलं, पाठव.

मासा मला एका सहकारी बाईंनी दिला होता. त्यांची बदली झाली, सामान हलवताना मासा कुठं नेणार? एका बरणीत घालून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. पुढं मी पेटी घेतली आणि फिल्टरही घेतला, कारण सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. पिंपात साठवलेलं पाणी माणसांनाच पुरवून वापरायचं, माशाचं रोज कोण बदलणार? फिल्टर असला की निभतं.

पहिल्या तीन दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. साडेबारा-एक झाला की अक्का हातातलं काम ठेवायची आणि मान कलती करून बसायची. भाजी निवडताना देठ हातात तसाच राहायचा. मासाही तेव्हा तळाशी, तिच्या बाजूच्या काचेला तोंड लावून स्थिर असायचा. त्याचे पंखसुद्धा हलत नसत. दोघं एकमेकांकडे बघतायत असं वाटून मी एकदा मुद्दाम भांडं आपटलं. दोघांपैकी कुणीच दचकलं नाही.

मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. कमी आवाजाचा फिल्टर आणू या म्हणून मी तिला घेऊन माशांच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. मी फिल्टरचं वर्णन केल्याबरोबर त्यानं मान हलवली.

"नक्को मॅडम, वो निकालो. फायटर को करंट नै चलता. करंट में रखे तो मर जाता."

अक्कानं माझा दंड धरला. तिची बोटं एवढ्या उन्हात गार होती.

"अगं, तो पाण्याच्या धारेला करंट म्हणतोय," मी घाईनं म्हटलं. "धार जोराची असली की माशाचे लांब पंख ओढले जातात, तो दमतो."

"व्हय, कळलं," अक्का म्हणाली. पण दंड सोडला नाही.

दुकानदारानं काचेच्या कडेला बाहेरून अडकवायचा फिल्टर दिला. तो पाणी वर ओढतो आणि पातळ पडद्यासारखं परत सोडतो. मोटार अगदी लहान, आवाज जवळजवळ नाहीच. घरी येऊन लावला. खरंच घूं गेला. पण उन्हानं पाणी आटत होतं. पातळी दोन बोटं उतरली की वरून पडणारं पाणी वाजायला लागायचं. आधी टपटप, मग एकसारखी कुजबुज. शेजारच्या खोलीत कुणी दबक्या आवाजात बोलत असावं, शब्द कळू नयेत, पण बोलणं आहे हे कळावं, तशी.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून अक्काचा आवाज आला.

"व्हय, आले की."

मी बाहेर डोकावले. ती उठून पायांत चपला घालत होती.

"कुठं निघालीस?"

"हाक मारली की."

"कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग हळूच चपला काढल्या. "न्हाय. मला वाटलं," एवढंच म्हणाली. मासा फिल्टरच्या धारेपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, झाडाच्या पानाआड दबून बसला होता.

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं ऐकून उतरवून घेण्यात गेलंय. कुठला शब्द बोलला गेला आणि कुठला नाही, यावर माझी नोकरी चालते. त्या संध्याकाळी मी पेटीशेजारी खुर्ची ओढून बसले आणि कामावर ऐकते तसं ऐकलं. पाणीच होतं. पण बराच वेळ ऐकल्यावर त्या पाण्याला वाक्यांसारखे चढउतार आले, आणि मी उठून पेटीत तांब्याभर पाणी ओतलं. कुजबुज थांबली.

त्याच आठवड्यात आणखी एक झालं. नळाला पाणी आलं, मी पिंपं भरत होते. अक्का मदतीला आली. ओंजळीत पाणी घेऊन तिनं सहज विचारलं, "तुमच्या शहरात हे पाणी कुटनं येतंय?"

मी विचार न करता बोलून गेले, "उजनीचंच की. पाइपानं येतं."

तिची ओंजळ तशीच राहिली. पाणी बोटांतून गळून गेलं. पुढचे दोन दिवस ती घरातलं पाणी प्यायली नाही. मी खालून विकतचा जार आणला, तेव्हा कुठं दोन घोट घेतले. तिसऱ्या दिवशी ती पेटीसमोर उभी होती.

"म्हंजे ह्यो मासाबी तितल्याच पाण्यात हाय," ती म्हणाली.

मी दुसरा फिल्टरही काढला. दुकानदार म्हणाला, आता स्पंजचा घ्या. स्पंजचा तुकडा पाण्यात, हवेचा पंप बाहेर, दोघांना जोडणारी बारीक नळी. बुडबुडे वर येतात, त्यांच्या ओढीनं पाणी स्पंजमधून गाळलं जातं. धार अशी नाहीच. माशाला हाच सगळ्यात सोयीचा. मी तो लावला आणि पंप शेल्फवर ठेवला. पेटीतून फक्त बुडबुड येत होती. पण थोड्या वेळानं शेजारचं लोखंडी कपाट गुणगुणायला लागलं. शेल्फमधून भिंतीत, भिंतीतून कपाटात. हात लावला की थांबायचं, काढला की सुरू.

मी पंप उचलून फरशीवर ठेवला. तेव्हा अक्का फरशीवरच आडवी झाली होती. तिनं गालाखालची उशी बाजूला सारली आणि कान जमिनीला लावला. तशीच पडल्या पडल्या ती बोलायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा.

"त्या दिशी सकाळीच मालक मोटारीवर गेले. पाणी मागं सरलं हुतं. पाइपाचं तोंड फुडं ढकलायचं हुतं. मी घरात. आमच्या घरातनं मोटार आयकू येती. मोटार चालू हाय म्हंजे मालक हायती, असं माझं चाळीस वर्साचं गणित. मी भाकरी थापत हुते. बारा-साडेबाराला आवाज बदलला."

"बदलला म्हणजे?"

"मोटारीनं पाणी सोडलं. कोरडी फिराय लागली. पाणी असलं की आवाज जड असतो, पाणी तुटलं की पातळ व्हतो, किरकिर करतो. मला कळलं की गं. मी तव्यावरची भाकरी उलटली आन् म्हनलं, मालक हायती तितं, बघतील. दोन वाजेपत्तूर ती तशीच फिरत हुती. मी आयकत हुते. जेवायचं ताट वाढून ठेवलं, आन् आयकत बसले."

पंपाची थरथर फरशीतून माझ्याही तळपायांना लागत होती.

"ते तवाच गेले हुते," अक्का म्हणाली. "मी मोटारीला मालक समजून बसले."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले, तिच्या केसांवर हात ठेवला. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ठरवलं, पुरे झालं. फायटर वरची हवाही घेतो; तासभर पंप बंद राहिला तरी त्याला काही होत नाही. अक्काचा डोळा लागला होता. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, पावणेदोन. पंपाची पिन काढली. पंखा बंद होता, कारण तिला पंख्याखाली झोपवत नाही. कपाट गप्प झालं, बुडबुडे थांबले. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत तो आवाज होता.

अगदी बारीक, खालून आल्यासारखा. आधी वाटलं, कानांतच उरलाय. पण पेटीकडे पाहिलं, तर पाण्याच्या वरच्या पातळीवर बारीक बारीक वलयं उठत होती. पिन माझ्या हातात होती. मासा तळ सोडून मधोमध आला होता आणि दरवाजाच्या दिशेला तोंड करून थरथरत होता. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मग तो आवाज जड होता तो पातळ झाला. किरकिरा.

अक्का उठून बसली होती. डोळे सताड उघडे.

"पाणी सोडलं," ती म्हणाली.

मी "अक्का" म्हणेपर्यंत ती दारातून बाहेर पडली होती, अनवाणी. मी मागे धावले. तीन मजले ती तरुण बाईसारखी उतरली. खाली फरशी तव्यासारखी तापलेली. ती न थांबता इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. तिकडे जमिनीतली पाण्याची टाकी आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

टाकीचं झाकण उघडं होतं. शेजारी सोसायटीची मोटार कोरडी फिरत होती. तिथून तो आवाज केवढा तरी मोठा होता. आणि टाकीच्या काठाशी, कुणी आत्ताच काढून ठेवाव्यात तशा, पुरुषाच्या चपला होत्या. माणूस नव्हता.

वाकून आत बघायचा धीर मला झाला नाही. अक्का मात्र सरळ भिंतीकडे गेली, पदर हाताला गुंडाळला आणि मेन स्विच खाली ओढला. मोटार रखडत थांबली. मग ती टाकीशी गुडघे टेकून बसली आणि आत वाकून ओरडली, "मालक! वो मालक!"

तिचा आवाज टाकीतून फिरून वर आला.

"काय झालं मावशी?"

आमच्या मागे वॉचमन उभा होता. मीटरच्या खोलीतल्या गार फरशीवर पडायला तो चपला काढून गेला होता. अक्कानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि मग ती एवढ्या जोरात रडली, की वरच्या खिडक्या उघडल्या. तो बिचारा घाबरून हात जोडत होता. "चुकलं मावशी, पाणी संपलेलं ध्यानात आलं न्हाय."

"चालू मोटार सोडून जायचं न्हाय बाबा," ती रडता रडता म्हणत होती. "आवाज बदलला की कुनीतरी यायला पायजे."

तिला सावलीत बसवून मी वॉचमनला विचारलं, मोटार कधी लावली होती?

"आत्ताच की मॅडम. दोन वाजून गेल्यावर. पाचच मिन्टं झाली असतील."

वर गेले तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पेटीतलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. मी पावणेदोनला जे ऐकलं त्याचा हिशेब मला तेव्हा लागला नाही, पुढंही लागला नाही. अक्काला मी ते सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं पोटभर जेवण केलं. पाणीही पिंपातलंच प्यायली. दुसऱ्या दिवशी पंपाचा प्रश्न तिनंच सोडवला. "ठेवू नगंस कशावर. टांग त्याला. आवाज टेकायला जागा मिळाली की पसरतो." मग आम्ही खिडकीच्या गजाला सुतळी बांधून पंप पेटीपेक्षा उंच लोंबता ठेवला, नळीला छोटी चावी बसवून हवा कमी केली. आता बुडबुडा निघतो, थांबतो, मग दुसरा निघतो. आवाज असा नाहीच. आठवड्याभरात माशानं पानाखाली फेसाचं लहानसं घरटं केलं. दुकानदार म्हणाला, फायटरला पाणी पसंत पडलं की तो असं करतो.

जूनच्या सुरुवातीला अक्का गावी गेली. तिच्या मुलाचा फोन येतो. सांगतो, आई आता दुपारची स्वतः मोटारीवर जाते, जेवणाआधी बंद करते, मगच ताट घेते. अडवलं तर ऐकत नाही. तिच्या तब्येतीला बरं आहे.

मी सुटीच्या दिवशी दुपारी एखाद्या वेळी पंपाची पिन काढते आणि खुर्चीत बसून ऐकते. बहुतेक वेळा काहीच नसतं.