कोरडा ठरलेला थर

सोमवारी सकाळी बाबा गेले. त्याच दुपारी शहडोलकडून कोळशाचे नऊ हवाबंद डबे उज्जैनला आले.

कोळशाच्या थरात मिथेन वायू अडकलेला असतो. भोक पाडून काढलेला कोळसा तिथंच डब्यात बंद करतात आणि तो किती वायू सोडतो ते पुढे कित्येक दिवस मोजतात. डबे कोमट पाण्याच्या टाकीत ठेवायचे, कारण जमिनीखाली तेवढी ऊब असते. मापाच्या नळीतलं पाणी जेवढं खाली ढकललं जाईल तेवढा वायू. फ्रीगंजमधल्या प्रयोगशाळेत हे माझं काम.

तेरा दिवस मी घराबाहेर पडले नाही. नोंदी आमचे जुने सहायक घेत आणि फोनवर सांगत. आकडे घसरत होते. बाराव्या दिवशी साहेबांचा फोन आला.

“मैडम, इस सीम में कुछ नहीं है. लिस्ट से काट दूँ?”

तो थर चाचणी-विहिरींच्या यादीत यावा म्हणून मी दोन वर्षं भांडले होते.

“एक हफ़्ता दीजिए, सर.”

चौदाव्या दिवशी मी चप्पल घालत होते. आत्या म्हणाली, “काय गं, आता डब्यांचं श्राद्ध घालायला चाललीस?”

“जिवंत आहेत का बघायला.”

इतक्या दिवसांत आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

प्रयोगशाळेत गेल्या गेल्या मी टाकीत हात घातला. पाणी गार होतं.

“दीदी, आप थीं नहीं,” सहायक म्हणाले. “गैस के डब्बे, ऊपर से हीटर. शाम को बंद करके जाता था.”

रात्रभर गारठलेला कोळसा जेमतेम वायू सोडायचा, आणि ते नोंद घ्यायचे सकाळी, आल्या आल्या.

हीटर लावून मी खुर्ची ओढली. दुपारी नळीतलं पाणी उतरू लागलं. ऊब लागून फुगलेला वायू मी हिशेबातून वजा केला. तरी पाणी उतरतच राहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, नऊच्या नऊ डब्यांत.

आठवड्याच्या शेवटी साहेबांना आलेख पाठवला.

“मैडम, ये तो बोल रहा है!”

“पहले से बोल रहा था, सर. ठंड लग गई थी.”

सहायकांनी टावर चौकातून पोहे-जिलेबी आणली. मी दोनदा मागून घेतली.

थर यादीत राहिला. तिथं आता चाचणीची विहीर खोदताहेत. घरी मी आणि आत्या आहोत.