आत्याने बर्फावरून आणलेली पद्धत

बाळांनो, काल गॅरेज आवरताना तुमच्या आत्याची, म्हणजे माझ्या लेकीची, आइस हॉकीची बॅग उघडली आणि ग्लव्ह्‌जचा तो जुना, आंबट वास आला, म्हणून आजच लिहायला बसले. नॉटिंगहॅमच्या रिंकवर आत्या कितीतरी वर्षं खेळली आणि पुढे इथल्याच एका क्लबात लहान मुलींना फुटबॉल शिकवू लागली. आइस हॉकीत खेळाडू थोडाच वेळ जीव तोडून खेळतात, बाहेर येतात आणि लगेच दुसरे आत जातात. आत्याने तेच फुटबॉलमध्ये आणलं, त्यामुळे एकही मुलगी सामनाभर नुसती बसून राहत नसे. एका शनिवारी सामन्याच्या वेळी मैदानात चिखल होता, थंडीने बोटं बधिर झाली होती आणि आत्याने सगळ्यांत चांगलं खेळणाऱ्या मुलीलाही ठरल्याप्रमाणे बाहेर बोलावलं. त्या मुलीचे वडील क्लबच्या कमिटीवर होते. ते सगळ्यांदेखत ओरडले, "धिस इज फुटबॉल, लव्ह, नॉट आइस हॉकी!" 'लव्ह' म्हणजे इथल्या बोलीत 'बाई गं'. सामना आम्ही जिंकलो, तरी नंतर ते आत्याला म्हणाले की पुढच्या सीझनला तू टीम सोड आणि चहाचं टेबल सांभाळ. "आई, चल, तू काही बोलू नकोस," आत्या माझा हात ओढत कुजबुजली. मी त्यांना इंग्रजीत सुनावलंच, "चहा तुम्हीच करा, तेवढं तुम्हाला जमेल." टीम तिच्याकडून गेलीच. माझा संताप मात्र अजून उतरलेला नाही, कारण बाकीच्या पालकांनी हट्ट धरल्यावर कमिटीने आत्याचीच पद्धत ठेवली आणि आत्याचं नाव न घेता कमिटी त्या पद्धतीला 'आमच्या क्लबची पद्धत' म्हणू लागली. त्या मैदानावर आजही प्रत्येक मुलगी आळीपाळीने खेळते.