गुरुवारी दोन वाजता

वसुधाताईंच्या यजमानांचा, श्रीधररावांचा फोन आला तेव्हा मी ताईंची डॉक्टरची अपॉइंटमेंट चौथ्यांदा पुढे ढकलत होते. "अनू, वसुधा गेली गं... सकाळी चहा घेता घेता," एवढंच ते बोलू शकले. मेंदूत रक्तस्राव. बीपी वाढलेलं होतं, ते तपासायलाच जायचं होतं. याला आता सात आठवडे झाले.

वसुधाताई कार्डिफच्या एका विद्यापीठात डीन होत्या आणि मी त्यांची पीए, म्हणजे त्यांचं कॅलेंडर माझ्या ताब्यात. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत, मला मेलीला ते कधी जमलं नाही. सुरुवातीला बाई रोज डबा खाऊन पार्कात दोन फेऱ्या मारायच्या आणि मगच कोणाला भेटायच्या. भांडायला आलेला माणूसही त्यांच्या खोलीतून हसत बाहेर पडायचा. मग मीटिंगा वाढल्या, फेऱ्या बंद झाल्या, झोप उडाली. स्टाफला मात्र सक्त ताकीद, कामापायी तब्येतीची हेळसांड करायची नाही. आणि स्वतःचं? नाव नको!

गेल्या वर्षी भर मीटिंगमध्ये त्यांनी जुनाच मसुदा वाचला आणि भाषांतराचा कोर्स बंद होणार म्हणून सांगून टाकलं. तो चालू ठेवायचं त्यांनीच ठरवलं होतं! तो शिकवणारा गॅरेथ पांढराफटक पडला. मी चिठ्ठी सरकवली तर माझ्यावरच खेकसल्या. तासाभराने चूक लक्षात आली, तशा जिना उतरून त्याच्या खोलीत गेल्या आणि माफी मागून आल्या. खुर्चीत मटकन बसल्या. म्हणाल्या, "कागदाला काय दोष देऊ? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. अशा बाईने लोकांच्या नोकऱ्यांचे निर्णय घ्यावेत का गं?"

त्याच दिवशी त्यांनी ऑफिसच्या कॅलेंडरात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दोनची वेळ अडवली. वर देवनागरीत लिहिलं, 'डॉक्टर'. "इथे कोणाला वाचता येत नाही. आणि तू हे हलवायचं नाहीस." दोन-तीन महिने गेल्याही. फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, मीटिंगा वेळेत संपायला लागल्या, गॅरेथसुद्धा त्यांच्याशी गप्पा मारायला थांबायचा. मग परीक्षांचं काम अंगावर आलं.

"अगं, एवढ्या वेळी पुढे टाक."

"ताई, मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"बॉस कोण, तू की मी?"

दोघी हसलो. कसल्या हसत होतो, देव जाणे. मी नाही म्हणायला हवं होतं... हे मला छळतं, आणि लिहून काही हलकं वाटत नाहीये.

परवा नव्या डीन हेलन माझ्या टेबलाशी आल्या. गुरुवारी दोनला टाइमटेबलची मीटिंग घालायची होती. स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय? काढून टाकायचं का?"

"डॉक्टर लिहिलंय," मी म्हटलं. "ते हलणार नाही."

आवाज जरा चढलाच माझा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीटिंग तीनला घेतली. गुरुवारी दोनला पाच मिनिटं असताना मी कोट चढवला आणि माझ्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. तीन वर्षांत मी माझं बीपी तपासलेलं नव्हतं.