काळं, पिवळं आणि सायकलचं कॅरियर

नववीची परीक्षा संपली आणि पुढच्याच आठवड्यात दहावीचे व्हेकेशन क्लास सुरू झाले. शतक संपायला तेव्हा एखाद-दुसरं वर्ष राहिलं असेल. आमचा मळा आडगावच्या पुढे, हायवेपासून थोडा आत. झेंडू, शेवंती आणि बांधाकडेने मेथी-कोथिंबीर. क्लास पार आडगाव नाक्याजवळ. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची काळी सायकल मी चालवायची आणि मागे कॅरियरवर माझी मैत्रीण बसायची.

तिचे वडील ओझरला विमानांच्या कारखान्यात होते आणि आमच्या मळ्यातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. ती अभ्यासात हुशार, मी उचापतींत. तिच्या केसांची एकच लांब वेणी कमरेच्या खाली जायची. सायकलवर बसताना ती पुढे घेऊन मांडीवर धरावी लागायची, नाहीतर चाकात जायची.

ते कॅरियर माणसांसाठी नव्हतंच. फुलांचे तीन क्रेट एकावर एक राहावेत म्हणून आप्पांनी त्याला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या होत्या. खड्ड्यांतून गेल्यावर ती म्हणायची, "मोजलेत मी. एकतीस." क्लासपाशी उतरली की लगेच चालायची नाही. आधी दोन मिनिटं नुसती उभी राहायची. मग लंगडत वर यायची आणि पुढच्या बाकावर बसून सगळी उत्तरं द्यायची.

आमच्या मळ्याला लागूनच द्राक्षांसाठी कोल्ड स्टोरेजचं काम चालू होतं. रस्त्याच्या बाजूने त्यांनी पत्रे ठोकले होते, पण आमच्या बाजूला नुसतं तारेचं कुंपण होतं आणि शेळ्यांनी त्याला मोठं भोक पाडलं होतं. आम्ही त्यातून जायचो. वाळूच्या ढिगावरून घसरायचं, शिडीने गच्चीवर चढायचं, तिथून चामरलेणीचा डोंगर बघायचा. ओरडणारं कुणी नव्हतं. वॉचमन होता, पण जेवण झालं की तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत आडवा व्हायचा आणि मग त्याला थेट चहालाच जाग यायची.

आम्हाला खरं वेड लागलं ते भिंती भरायचं काम बघून. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत मजूर काहीतरी ओतायचे. एका पिंपात काळं, काकवीसारखं. दुसऱ्यात पिवळं, मधासारखं. दोन्ही बादलीत घालायचे, ड्रिलला लावलेल्या सळईने घुसळायचे आणि पटकन ओतायचे. मिनिटभराने फटीतून पिवळसर फेस वर यायचा, दूध उतू जावं तसा. मग तो तसाच थिजायचा. मजूर त्याला पफ म्हणायचे; त्याने म्हणे आतला गारवा टिकतो.

एकदा बाहेर सांडलेला एक गोळा आम्ही उचलून आणला. तो नुकताच फुगलेला असणार, कारण दाबल्यावर तो दबत होता.

"पॉलिमर आहे," ती म्हणाली. तो शब्द तिने दहावीच्या पुस्तकात आधीच वाचून ठेवला होता. "आणि मऊ आहे."

आम्ही दोघींनी एकाच वेळी कॅरियरकडे बघितलं.

रविवारी मजूर बाजाराला गेले. दुपारी वॉचमन झोपल्यावर आम्ही सायकल आडवी करून कुंपणातून आत घेतली आणि पिंपं ठेवली होती त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. खताची रिकामी गोणी धुऊन आणली होती. ती कॅरियरवर सुतळीने घट्ट बांधली, तोंड मोकळं ठेवलं. रंगाचे दोन रिकामे डबे सापडले, एक घमेलंही होतं.

"अर्धा अर्धा डबा पुरे," ती म्हणाली.

"अर्ध्यात काय होणार? गादी करायचीय, पोळी नाही."

मी दोन्ही डबे काठोकाठ भरून घमेल्यात ओतले. ती बांबूच्या काठीने ढवळू लागली. काहीच होईना. नुसता चहाच्या रंगाचा चिखल.

"शिळं असेल," मी म्हटलं.

मग चिखलाचा रंग बदलायला लागला, आणि घमेलं हाताला गरम लागलं. "ओत, ओत," ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी धरून ते गोणीत ओतलं. गोणी आधी थोडी हलली. मग तिने पोट फुगवलं. मग ती गरगरीत झाली, आणि तोंडातून एक जाड जीभ बाहेर आली. ती जीभ सीटवर चढली, मागे मडगार्डवर उतरली, पट्ट्यांमधून खाली गेली आणि चाकाच्या तारांत शिरली. आम्ही हसायला लागलो. खरं सांगायचं तर इतकं हसलो की मी खालीच बसले. सायकलला मागून एक मोठं गळू आल्यासारखं दिसत होतं आणि ते अजून वाढतच होतं.

चेनकडे पहिल्यांदा तिचं लक्ष गेलं. "अगं, चेन," असं म्हणून ती वाकली आणि हाताने तो फेस मागे ढकलायला लागली. मीही ढकलायला लागले. हाताला तो गुळाच्या पाकासारखा चिकटत होता. एवढ्यात तिची वेणी खांद्यावरून पुढे आली आणि बरोबर फेसाच्या मध्यावर पडली. तिने ओढली तर पिवळसर दोरे निघाले. पुन्हा ओढली तर सायकल हलली. तिसऱ्यांदा ओढेपर्यंत ते थिजलं होतं.

आमचं हसू तिथे संपलं. तेव्हाच लक्षात आलं की घसा खवखवतोय आणि डोळ्यांतून पाणी येतंय. मी खोकले, ती खोकली, आणि त्या आवाजाने वॉचमन उठून आला. तो सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सायकलशेजारी ओणवी झालेल्या तिच्याकडे, मग त्या पिवळ्या गोळ्याकडे.

"हाई काय शे?"

"सायकल शे," ती म्हणाली. घाबरल्यामुळे तिच्या तोंडून त्याचीच भाषा निघाली.

तो सुपरवायझरला बोलवायला पळाला. सुपरवायझर साइटवरच एका खोलीत राहायचे. बनियनवर, खांद्याला टॉवेल टाकून आले. आम्हाला वाटलं, आता पहिल्यांदा कानाखाली बसणार. पण त्यांनी विचारलं, "डोळ्यात गेलं का? तोंडात?"

आम्ही नाही म्हणून माना हलवल्या.

"मग आधी इथून बाहेर. मोकळ्या हवेत."

मी बाहेर आले. तिला येता येईना. शेवटी दोघांनी मिळून सायकल उचलली, एकाने पुढून, एकाने मागून, आणि ती वाकलेल्या अवस्थेत बाजूने चालत राहिली. उन्हात, वाळूच्या ढिगाला वळसा घालून, अशी आमची वरात टाकीपर्यंत गेली. तिथे त्यांनी आमचे डोळे धुवायला लावले, पाणी प्यायला लावलं. मग ते म्हणाले, "केस कापावे लागतील. हे कशानेही विरघळत नाही."

"किती?"

त्यांनी बोटं पसरून दोनदा मोजून दाखवलं. दोन विती.

"कापा," ती म्हणाली.

वॉचमनकडे कात्री होती. मी वेणी वरून धरून ठेवली. कात्रीला धार नव्हती, त्यामुळे वेळ लागला. ती एकदाही हलली नाही. वेणीचं टोक रबरबँडसकट सायकलला तसंच राहिलं.

तोवर कुणीतरी आप्पांना सांगितलं होतं. ते धोतराचा सोगा सावरत बांधावरून आले. सुपरवायझर आता मात्र चिडले. "यांना कल्पना आहे का हे काय आहे ते? वास छातीत गेला असता म्हणजे? आम्ही मजुरांना तोंड बांधल्याशिवाय हात लावू देत नाही." आप्पा खाली मान घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी गोळ्यावर टकटक केलं. गादी चांगली टणक झाली होती, लाकडासारखी.

"साहेब, पोरी ठीक हायेत ना?"

"आज रात्री खोकला वाढला तर डॉक्टरकडे न्या."

"आन सायकल?"

"ती करवतीने सोडवा."

मागचं चाक फिरत नव्हतं. मी आणि आप्पांनी ते उचलून धरलं आणि झेंडूच्या सऱ्यांमधून सायकल घरी आणली. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "मला सांगितलं असतं तं पोतं बांधून दिलं असतं ना कॅरियरला."

घरी आई दारातच उभी होती. मैत्रिणीची आई तिच्या खोलीतून बाहेर आली. तिने लेकीची उरलेली वेणी हातात घेऊन बघितली. आता तिला रडू आलं, इतका वेळ न रडलेल्या माझ्या मैत्रिणीला.

"हे माझ्याच पोरीचं डोकं असणार," माझी आई म्हणाली.

"नाही काकू, आयडिया माझी होती," ती रडत रडत म्हणाली.

"पण डबे मी भरले," मी म्हटलं. "ती अर्धेच म्हणत होती."

दोघींच्या आयांनी एकमेकींकडे बघितलं. मग तिच्या आईने तिला ओट्यावर बसवून वेणी सोडली आणि केस एका रेषेत कापायला घेतले. माझी आई समोर बसून "डावीकडं जरा खाली हाय" असं सांगत राहिली.

सायकल सोडवायला चार दिवस लागले. एसटीने क्लासहून आलं की आम्ही दोघी हॅक्सॉचं ब्लेड आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचो. एकेका तारेतून चुरा काढायचा. ते चार दिवस आप्पा पहाटे फुलांचे क्रेट डोक्यावर घेऊन हायवेपर्यंत जायचे, तिथे टेम्पो थांबायचा. मी न सांगता उठून एक क्रेट उचलायची. ओला झेंडू किती जड असतो ते मला तेव्हा कळलं. पुढे आप्पा आणि मागे मी, असं चालत जायचो. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते मला फक्त खड्डे दाखवत चालायचे.

खोकला दोन दिवसांत गेला, पण हातांचे डाग जाईनात. त्या काळ्या पाकाने आमचे तळवे आणि बोटं तपकिरी झाली होती. साबण, रॉकेल, लिंबू, राख, सगळं करून झालं. आणि त्याच आठवड्यात दिंडोरीला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मैत्रीणही आमच्याबरोबर आली, खांद्यापासून चार बोटं खाली सरळ कापलेले केस मोकळे सोडून. तिला ते खरंच छान दिसत होते आणि ते तिलाही कळलं होतं.

मांडवात आमच्या एका लांबच्या मावशीने तिचा हात धरून उजेडात नेला. उलटसुलट करून बघितला.

"लय रंगली गं मेंदी. नक्षी नाय काढली?"

"नाही मावशी."

"कुठून आणली?"

माझ्या मैत्रिणीने घसा साफ केला. ती खरं सांगणार हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिला खोटं बोलता यायचंच नाही. मी तिचा पाय दाबला.

"आमच्या शेजारी मिळते," मी म्हटलं. "पण पिंपातच घ्यावी लागते."

मावशी म्हणाल्या, एवढी काय करायची, आणि पंगतीकडे निघून गेल्या.