कोचचं वजन आणि आईची वाटी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही, कुणालाही सांगते. ॲरिझोनातल्या चँडलरच्या माझ्या ऑफिसात तर सगळ्यांना पाठ झालंय. आई मात्र माझ्या डिग्रीचं अर्धं श्रेय दह्याला देते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या पेपरापर्यंत तिनं मला दही-साखर खाल्ल्याशिवाय कधी घराबाहेर सोडलं नाही.

आई नागपूरहून माझ्याकडे आली होती, तेव्हाच माझ्या जिममधल्या कोचची स्पर्धा होती. ही बाई एकेकाळची चीनची वेटलिफ्टिंग चॅम्पियन. आता चाळिशी ओलांडलीय, उंची जेमतेम माझ्या खांद्याइतकी. पण ज्या वजनाला मी नमस्कार करून परत येते, ते ती जांभई देत उचलते. तरुणपणी तिनं सगळ्यांना हरवलं होतं, एकीला सोडून. ती एक आता टेक्सासला स्थायिक झालेली, आणि चाळिशीवरच्यांच्या या स्पर्धेत कोचच्याच वजनगटात उतरणार होती. हिवाळाभर कोच दुसऱ्या कुठल्या विषयावर बोललीच नाही.

स्पर्धेच्या सकाळी कोच आमच्या घरी आली, आदल्या दिवसापासून उपाशी. वजन मर्यादेत बसवायचं तर या खेळात असंच करतात. मी आत गाडीची किल्ली शोधत होते. बाहेर आले तर कोचच्या हातात वाटी, आणि वाटीचा तळ दिसत होता!

"आई, काय दिलंस तिला?"

"दही-साखर. रिकाम्या पोटानं कोणी परीक्षेले जाते का?"

"अगं, चमचाभर द्यायचं असतं!"

"तुले चमचा पुरे. हे तर चॅम्पियन हाय नं?"

वर फुलपात्रभर पाणीही पाजलं होतं. मी कोचकडे पाहिलं. "म्हातारीच्या हातची वाटी परत करत नाहीत," ती पडेल चेहऱ्यानं म्हणाली. "आमच्याकडेही नाही."

हॉलवर काटा बोलला: पाव किलो जास्त. तासाभरात उतरलं नाही तर कोच वरच्या गटात जाणार, आणि टेक्सासवाली खालच्याच गटात राहणार. म्हणजे सामनाच नाही.

मग पार्किंग लॉटमध्ये, ॲरिझोनाच्या उन्हात, चीनची माजी चॅम्पियन माझं जॅकेट, त्यावर आईचा स्वेटर आणि आईचीच कानटोपी घालून गोल गोल पळत होती. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून मागे. "अवो बाई, हळू! आत्ताच खाल्लं ना वो!" कोच पळता पळता बाटलीत थुंकत होती, तेवढंच वजन कमी. पण घसा कोरडा पडला, थुंकीच येईना.

तेवढ्यात टेक्सासवाली आली. तिचं वजन होऊन गेलं होतं. कमरेवर हात ठेवून तिनं हा तमाशा पाहिला आणि म्हणाली, "थुंक, थुंक! मी काय एवढ्या लांब एकटीनं वजन उचलायला आले?" मग दोघींची चिनीत जी जुंपली, ती ऐकून आईला माहेरची आठवण झाली.

भांडणातलं काही कळलं नाही, पण बाटली रिकामी आहे हे आईला दिसत होतं. तिनं पर्समधून चिंचेच्या गोळ्या काढल्या. "तोंडाले पाणीच पाह्यजे ना? हे घे."

काय सांगू! बाटली भरायला लागली. टेक्सासवालीनंही एक गोळी तोंडात टाकली आणि डोळे मिटून उभी राहिली. वेळ संपता संपता कोच पुन्हा काट्यावर चढली. वजनात बसली, अगदी काठावर!

शेवटच्या उचलीला कोचनं बार डोक्यावर नेला. पंचाची खूण होईपर्यंत तो धरून ठेवायचा असतो, हे आईला कोण सांगणार? ती खुर्चीवरून उठून ओरडली, "टाक वो माय, टाक खाली! मरशील ना!" सगळा हॉल वळून बघायला लागला. नशीब, कोचला मराठी येत नाही. तिनं धरून ठेवला. पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य. त्याहून किलोभर जास्त वजन लावून टेक्सासवाली आली. तिचा बार डोक्यावरून मागे कोसळला.

ती उठली, कोचच्या अंगावर धावून गेली, आणि दोघी एकमेकींना धरून धपकन मंचाच्या फळ्यांवर बसल्या. हसून हसून बोलताही येईना.

"कोन जितलं?" आईनं विचारलं.

"आपली."

"मंग ते दुसरी काऊन हासून राह्यली?"

उत्तराची वाट न बघता आई सरळ मंचावर चढली आणि पकडीसाठी हाताला चोळलेली, आता दोघींच्या तोंडाला लागलेली पांढरी पावडर पदरानं पुसायला लागली. पंच "मॅडम, मॅडम" करत तिच्या मागे.